हिमनदीच्या पोटात शिरताना: आइसलँडच्या बर्फगुहेची पहिली सहल

आइसलँडच्या बर्फगुहेची सहल ठरवताना बहुतेक जण आधी निळ्याशार छताचा एखादा फोटो बघतात आणि मग ‘हीच गुहा’ कुठे दाखवतात ते शोधायला लागतात. इथेच गाडी चुकते. त्या फोटोतली गुहा बहुधा आता उरलेलीच नसते. ती मागच्या किंवा त्याच्या मागच्या हिवाळ्यातली असते आणि मधल्या उन्हाळ्यात वितळून कोसळलेली असते. गुहा दरवर्षी बदलते, गाइड मात्र तेच राहतात. म्हणून निवड करायची ती गाइडची आणि कंपनीची. बेतही असा आखायचा, की सकाळी गाइड ‘आज नाही’ म्हणाला तरी आपली सहल मोडू नये.

गुहा होते कशी, आणि हंगाम हिवाळ्यातच का

उन्हाळ्यात हिमनदीचा वरचा थर वितळतो. ते पाणी भेगांमधून आणि उभ्या विवरांमधून खाली उतरतं आणि बर्फाच्या तळाशी बोगदे कोरत पुढे बाहेर पडतं. नोव्हेंबरच्या सुमारास थंडी जमली की वितळणं थांबतं, बोगद्यातलं पाणी ओसरतं आणि मागे रिकामी पोकळी उरते. तीच बर्फगुहा. थंडीने छतही घट्ट राहतं. मार्च संपता संपता पुन्हा पाणी वाहू लागतं, छत पातळ होत जातं आणि गुहा बंद होते. पुढच्या शरद ऋतूत गाइड मंडळी हिमनदीवर फिरून नव्या गुहा शोधतात. नैसर्गिक निळ्या गुहांचा हंगाम ढोबळमानाने नोव्हेंबर ते मार्च असतो तो यामुळेच.

हा नियम कागदावरचा नाही. २५ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे भर उन्हाळ्यात, ब्रेइदामेर्कुरयोकुल या हिमनदीवर एका सहलीच्या गटावर बर्फ कोसळला. एक अमेरिकन पर्यटक दगावला, त्याच्यासोबतची स्त्री जखमी झाली. त्यानंतर तिथल्या उन्हाळी गुहा-सहली थांबवण्यात आल्या. त्या घटनेत आणखी एक गोष्ट घडली आणि ती प्रत्येक पर्यटकाने लक्षात ठेवावी अशी आहे. गटात २५ जण असल्याची माहिती सुरुवातीला मिळाली, प्रत्यक्षात होते २३. नसलेल्या दोघांना शोधण्यासाठी बचावपथकं दुसऱ्या दिवसापर्यंत हातांनी बर्फ फोडत होती. तेव्हा नोंदणी करताना प्रत्येकाचं नाव पासपोर्टप्रमाणे द्या. ऐनवेळी कोणी हॉटेलवर थांबणार असेल तर कंपनीला फोन करून यादीतून त्याचं नाव काढायला सांगा. ‘पैसे तर भरलेत, कळवायचं कशाला’ असं म्हणू नका.

कोणती गुहा तुमच्यासाठी

आइसलँडमध्ये ‘आइस केव्ह’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली वात्नायोकुलची. हा आइसलँडचा सगळ्यात मोठा बर्फाचा पठारी प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या भूभागाचा जवळपास तेरावा हिस्सा. त्याच्याभोवतीचं राष्ट्रीय उद्यान २०१९पासून जागतिक वारसा यादीत आहे. या पठारावरून खाली उतरणाऱ्या हिमनद्यांमध्ये, विशेषतः योकुलसाऊरलोन या सरोवराला लागून असलेल्या ब्रेइदामेर्कुरयोकुलमध्ये, फोटोत दिसणाऱ्या निळ्या गुहा असतात. पहिल्यांदा जाणाऱ्या धडधाकट माणसाने हिवाळ्यात हीच निवडावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी कात्लाची. वीक या गावाहून कोत्लुयोकुल हिमनदीवर नेतात. कात्ला हा जागृत ज्वालामुखी; त्याचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८चा. हिमनदीच्या या भागावर राखेचे जाड थर आहेत, त्यामुळे गुहेत निळ्याच्या जोडीला काळेभोर पट्टे दिसतात. काही जणांची निराशा होते, कारण त्यांनी निळंच डोक्यात धरलेलं असतं. खरं तर ते पट्टे बघण्यासाठीच जावं. या सहली वर्षभर चालतात आणि राजधानी रेक्याविकपासून वीक १८७ किलोमीटरच असल्याने वेळही कमी लागतो. उन्हाळ्यात जाणार असाल तर गुहेची पाहणी कोण करतं आणि किती वेळा करतं हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

तिसरा लांगयोकुलचा बोगदा. हा माणसाने खोदलेला आहे, २०१५ साली खुला झाला आणि आतला फेरा सुमारे ५५० मीटरचा आहे. चाल सपाट असते आणि छताची काळजी नसते. गुडघे दुखणारे आई-वडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर हा पर्याय चांगला. फक्त तो नैसर्गिक गुहा समजून घेऊ नका. आणि अगदीच लहान मूल असेल तर रेक्याविकच्या पेर्लान संग्रहालयात खऱ्या बर्फाची शंभर मीटरची कृत्रिम गुहा आहे; तिथे मोटारीच्या प्रवासाचाही प्रश्न नाही.

तारखा आणि नोंदणी

डिसेंबरअखेरीस तिथे सूर्य अकराच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आसपास मावळतो. गुहेतला निळा रंग वरून झिरपणाऱ्या उजेडाचा असल्यामुळे सकाळी नऊची किंवा दुपारी तीनची फेरी घेतली तर हाती काळोखच लागतो. डिसेंबर-जानेवारीत अकरा ते एकच्या दरम्यान गुहेत असाल अशीच फेरी घ्या. फेब्रुवारीच्या अखेरीस दिवस जवळपास दहा तासांचा होतो आणि गुहाही अजून घट्ट असतात. नाताळची सुट्टी हा हट्ट नसेल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सगळ्यात सोयीचा.

साधारण तीन-चार तासांच्या सहलीला माणशी २० ते ३० हजार आइसलँडिक क्रोना लागतात. दोन-तीन महिने आधी नोंदणी करा. दुपारच्या फेऱ्या आधी भरतात. पैसे भरण्यापूर्वी ईमेलने एवढं विचारा:

– आइसलँडच्या पर्यटन मंडळाचा परवाना आहे का, आणि वात्नायोकुलमध्ये नेणार असाल तर राष्ट्रीय उद्यानाशी करार आहे का?
– गाइडने हिमनदीवर चालवण्याचं कोणतं प्रशिक्षण घेतलंय? तिथल्या माउंटन गाइड संघटनेच्या अभ्यासक्रमांना ‘हार्ड आइस’ म्हणतात आणि त्याच्या क्रमाने पायऱ्या आहेत. नाव माहीत असलेला प्रश्न गेला की उत्तरही नेमकं येतं.
– एका गाइडमागे किती माणसं? पंधराच्या वर आकडा आला तर दुसरी कंपनी बघा.
– पावसामुळे किंवा वाऱ्यामुळे तुम्ही सहल रद्द केलीत तर पूर्ण पैसे परत की दुसरी तारीख?
– जीपमधून उतरल्यावर चाल किती, चढ किती, बूट भाड्याने मिळतील का, वयाची किमान अट काय?

वयाची अट बहुतेक नैसर्गिक गुहांना आठ ते दहा वर्षं असते. सात वर्षांच्या मुलाचं वय वाढवून सांगू नका. अडचण वयाच्या आकड्याची नसते, पावलाच्या मापाची असते: एवढ्या लहान पायाला बसणारे क्रॅम्पॉनच, म्हणजे बर्फावर चालण्यासाठी बुटाखाली बांधायचे दातेच, नसतात.

बेत असा आखा: पहिल्या दिवशी केफ्लाविकला उतरून रेक्याविकमध्ये मुक्काम, दुसऱ्या दिवशी वीक, तिसऱ्या दिवशी वीकहून सुमारे १९० किलोमीटरवर योकुलसाऊरलोनच्या परिसरात मुक्काम, चौथ्या दिवशी गुहा. पाचवा दिवस मुद्दाम मोकळा ठेवा. हा मोकळा दिवस म्हणजे चैन नव्हे. जानेवारीत दक्षिण किनाऱ्यावर वादळ आलं की रस्ताच बंद होतो. रेक्याविकहून एका दिवसात जाऊन येण्याच्या बससहली आहेत, पण एकूण अंतर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास होतं आणि खिडकीबाहेर बहुतेक वेळ अंधार. बर्फात गाडी चालवण्याची सवय नसेल तर दोन दिवसांची मुक्कामी बससहल घ्या. हिवाळ्यासाठी आमची पहिली पसंती तीच.

व्हिसा, विमा, कार्ड

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो; किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण दिवाळी-नाताळाच्या गर्दीत दोन महिने हातात ठेवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आपल्याकडच्या स्वस्त पॉलिसींमध्ये ‘साहसी खेळ’ वगळलेले असतात, त्यामुळे ‘गाइडसोबत हिमनदीवर चालणं’ विम्यात येतं का हे लेखी विचारून घ्या.

रोख पैशांची गरज जवळजवळ पडत नाही. मात्र निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करा आणि पिन पाठ ठेवा. हमरस्त्यावरच्या बऱ्याच पेट्रोल पंपांवर माणूस नसतो. यंत्रात कार्ड घालून पिन दाबल्याशिवाय पेट्रोल येत नाही. टाकी भरताना यंत्र मोठी रक्कम काही काळ अडकवून ठेवतं. फॉरेक्स कार्डात मोजकेच पैसे असतील तर तिथेच पंचाईत होते. पंप वीक, क्लाउस्तुर, फ्रेइसनेस आणि हॉप्न इथे आहेत. प्रत्येक ठिकाणी टाकी भरूनच पुढे निघा.

तिथपर्यंत पोहोचणं

रस्ता एकच, देशाला वळसा घालणारा क्रमांक १चा. डांबरी भागावर वेगमर्यादा ताशी ९०, खडीवर ८०. दिवे दिवसाही लावलेलेच ठेवायचे. वाटेत एकपदरी पूल लागतात; जो आधी पोहोचेल त्याने आधी जायचं. योकुलसाऊरलोनचा पूलही तसाच आहे आणि तिथे पर्यटक मधेच थांबून फोटो काढतात, तेव्हा जपून. आणि गाड्या उजवीकडून चालतात हे थकल्यावर विसरायला होतं, विशेषतः पंपातून बाहेर पडताना.

बर्फापेक्षा वारा जास्त त्रास देतो. तिथला हवामान अंदाज मीटर प्रतिसेकंदात असतो. १५च्या वर गेला की उंच गाडी हेलकावते आणि २० म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. तेवढ्यात निघूच नका. गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे करा आणि दार उघडताना दोन्ही हातांनी धरा. वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागरी तुटणं हा तिथला नेहमीचा अपघात आहे आणि भाड्याच्या गाडीच्या बहुतेक विम्यांत त्याची भरपाई मिळत नाही. रोज सकाळी तीन संकेतस्थळं बघायची: हवामानासाठी वेदुर, रस्त्यांसाठी उमफेर्दिन, सुरक्षेच्या सूचनांसाठी सेफट्रॅव्हल. पिवळा इशारा असेल तर बेत बदलायची तयारी ठेवा, नारिंगी असेल तर हॉटेलातच थांबा. आणीबाणीचा क्रमांक ११२.

भेटीची जागा नकाशावर नावाने शोधू नका. कंपनीने पाठवलेले अक्षांश-रेखांशच टाका. याच रस्त्यावर ‘होफ’ नावाची वस्ती आहे आणि ‘हॉप्न’ नावाचं गाव आहे. रोमन लिपीत दोन्ही सारखीच दिसतात आणि दोहोंत तासाभराहून जास्त अंतर आहे. काही सहली स्काफ्ताफेलहून निघतात, काही सरोवराच्या गाडीतळावरून. त्यांच्यातही ५७ किलोमीटर आहेत. जीप कोणासाठी थांबत नाही, कारण मागे पुढची फेरी असते. अर्धा तास आधी पोहोचा. गाडीतळाचं शुल्क कॅमेऱ्याने नंबरप्लेट वाचून आकारतात. ते त्याच दिवशी भरून टाका, नाहीतर गाडीभाड्याच्या कंपनीकडून दंडासह बिल येतं. स्वच्छतागृहाचा वापरही तिथेच उरकून घ्या. पुढे तीन तास हिमनदीवर तशी सोय नसते.

कपडे आणि बूट

गुहेत तापमान शून्याच्या आसपास असतं, बाहेर वारा असतो आणि छतातून पाणी ठिबकतं. लढाई थंडीपेक्षा ओलाव्याशी जास्त आहे. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ थर, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं जॅकेट. खालीही तसंच: आत थर्मल, वर जलरोधक पँट. जीन्स अजिबात नको. एकदा भिजली की ती सहल संपेपर्यंत वाळत नाही आणि पायातली ऊब शोषून घेते. सुती बनियनचंही तेच. सह्याद्रीत वापरतो तो पोंचो वाऱ्यात फडफडून डोळ्यांवर येतो, त्यामुळे तोही घरीच ठेवा. ओढणी किंवा लांब मफलरऐवजी गळ्यात घट्ट बसणारा बफ घ्या. टोपी पातळ हवी. गोंड्याची जाड टोपी हेल्मेटखाली बसत नाही. हातमोजे जलरोधक आणि एक जादा जोड. मोजे लोकरीचे, एकच जोड. दोन जोड घातले की बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात.

बुटांबाबत मात्र तडजोड नाही. पावसाळी ट्रेकला चांगली पकड देणारे मऊ तळव्याचे, घोट्याखाली संपणारे बूट इथे निकामी ठरतात. साधी चाचणी करा: बूट हातात घ्या, टाच आणि चवडा धरून मुडपा. सहज वाकला तर त्यावर क्रॅम्पॉन टिकणार नाही, दर दहा पावलांना टाचेकडून सुटेल. घोट्याच्या वर जाणारे, कडक तळव्याचे बूट हवेत. नसतील तर नोंदणी करतानाच भाड्याचे बूट सांगून ठेवा आणि माप युरोपीय आकड्यात, जाड मोज्याला जागा धरून द्या.

खिशात गुडदाणी किंवा शेंगदाण्याचा लाडू ठेवा. दशम्या घरून नेल्यात तर दोन दिवस छान टिकतात, आणि वीकच्या पुढे शाकाहारी माणसाला हिवाळ्यात खाण्याचे पर्याय मोजकेच. नळाचं थंड पाणी उत्तम असतं, बाटली तिथेच भरा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते पाठीवरच्या पिशवीत न ठेवता आतल्या खिशात अंगाशी ठेवावं. गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

क्रॅम्पॉन: इथे वेळ द्या

भेटीच्या जागी नावं तपासतात, जबाबदारीच्या फॉर्मवर सही घेतात आणि हेल्मेट व क्रॅम्पॉन देतात. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायची टोकदार दात्यांची लोखंडी चौकट. मग उंच चाकांच्या जीपमधून खडकाळ, खड्ड्यांच्या वाटेने वीस ते चाळीस मिनिटं हिमनदीच्या काठापर्यंत. जीप चांगलीच आदळते. गाडी लागत असेल तर गोळी आधी घ्या आणि पुढच्या बाजूची जागा मागा. क्रॅम्पॉन जीपमध्ये घालायचे नसतात, बर्फाच्या काठावरच बांधायचे.

पहिल्या सहलीतल्या बहुतेक पडझडी बर्फ निसरडा म्हणून होत नाहीत, क्रॅम्पॉन नीट न बांधल्याने होतात. म्हणून घाई न करता हा क्रम पाळा.

१. आधी जोड जमिनीवर मांडून डावा-उजवा ओळखा. पट्ट्यांची कडी पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवी. आत आली तर दुसऱ्या पायाचे दाते तिच्यात अडकतात.

२. बुटाच्या तळव्याला चिकटलेला चिखल आणि भुसभुशीत बर्फ आपटून काढा. मध्ये थर राहिला तर चौकट सैल बसते.

३. आधी चवडा पुढे सरकवून बसवा, मग टाच खाली दाबा. टाच मागच्या कठड्याला टेकली पाहिजे. बोटभर फट दिसली तर लांबी चुकली आहे. गाइडला सांगा, तो मधली पट्टी एक-दोन भोकं सरकवून देईल.

४. पट्टी ओवून कसा. घोट्याला कळ लागेल इतकी नको, पण खाली बोट जाईल इतकी सैलही नको. उरलेलं टोक पट्टीतच खोचा. लोंबणारं टोक हमखास पायाखाली येतं.

५. पँटचे पायघोळ काठ मोज्यात खोचा. सैल पँटमध्ये दाता अडकून माणूस तोंडावर पडतो, आणि नवी पँट फाटते ते वेगळंच.

६. एक पाय उचलून जोरात झटका. चौकट हलली तर पुन्हा बांधा. दहा मिनिटं चालल्यावर पट्ट्या किंचित सैल होतात. तेव्हा थांबून पुन्हा एकदा कसा.

आता चाल. सह्याद्रीत निसरड्या दगडावर आपण पाऊल तिरकं टाकतो, कडेवर जोर देतो. इथे नेमकं उलटं करायचं. संपूर्ण तळवा सपाट ठेवून पाऊल खाली दाबायचं, म्हणजे सगळे दाते एकदम बर्फात रुततात. कडेवर चाललात तर एकाच बाजूचे दोन-तीन दाते टेकतात आणि घोटा मुरगळतो. पायांत नेहमीपेक्षा जास्त, सुमारे वीतभर अंतर ठेवा; पाय ओढत न नेता उचलून टाका. उतारावर गुडघे वाकवा, शरीर मागे झुकवू नका आणि छोटी पावलं टाका. ताज्या ओल्या बर्फाचे गोळे दात्यांमध्ये साचतात आणि मग दाते बर्फाला टेकतच नाहीत. पाऊल अचानक गुळगुळीत वाटलं की थांबून दुसऱ्या बुटाने किंवा काठीने हलकेच ठोकून तो गोळा पाडा.

हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली एक बोट जाईल इतकी कसलेली हवी, आणि हेल्मेटची कड भुवयांच्या वर दोन बोटं. मागे सरकलेल्या हेल्मेटमुळे कपाळ उघडं पडतं, आणि बुटक्या गुहेत बर्फावर सगळ्यात आधी आदळतं ते कपाळच.

गाइडच्या मागे एका ओळीत, त्याच्याच पावलांवर चाला. हिमनदीवर पांढरं दिसतं ते सगळं घट्ट नसतं; ताज्या बर्फाखाली भेग झाकलेली असू शकते. फोटोसाठी दोन पावलं बाजूला जायचं असेल तरी आधी विचारा.

गुहेच्या आत

तोंडाशी रेंगाळू नका. गुहेचं तोंड हा तिचा सगळ्यात पातळ आणि हवामानाचा मारा खाणारा भाग, आणि तुकडे बहुधा तिथेच सुटतात. गाइड हाक देईल तेव्हा एकेकाने पटकन पार व्हा. गंगोत्रीची वारी केलेल्यांना गोमुखाशी उभं राहण्याची ओढ आठवत असेल. तेही हिमनदीचं मुखच, भागीरथी त्याच्यातूनच बाहेर येते आणि कडेचं बर्फ तिथेही सतत कोसळत असतं. ती सवय इथे नेऊ नका.

आत गेल्यावर दोन मिनिटं डोळे सरावू द्या आणि मग भिंतीकडे जवळून बघा. बर्फ काचेसारखा असेल तर त्यात हवेचे बुडबुडे जवळपास नसतात. वरच्या बर्फाच्या दाबाने हवा पिळून निघालेली असते. असा बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो आणि निळा पुढे जाऊ देतो. जिथे भिंत पांढुरकी दिसते तिथे बुडबुडे अजून आहेत. भिंतीवरचे वाटीएवढे खोलगट ठसे वाहत्या पाण्याने आणि हवेने कोरलेले असतात. मधूनच जाणारी काळी रेघ म्हणजे एखाद्या जुन्या उद्रेकाची राख. बर्फ पडत गेला आणि ती त्यात गाडली गेली. कुठली रेघ कुठल्या काळातली, हे गाइडला जरूर विचारा. चांगला गाइड या प्रश्नाची वाटच बघत असतो.

छतावर बर्फाच्या सुळ्या लोंबत असतील तर त्यांच्याखाली उभं राहायचं नाही. भिंतीवर काठी किंवा क्रॅम्पॉन मारायचा नाही. ‘टक्’ असा आवाज अधूनमधून येतो, कारण हिमनदी सरकत असते. त्याने घाबरू नका. पण ठिबकणं अचानक वाढलं, पायाखालचं पाणी गढूळ झालं किंवा चढू लागलं, तर गाइडला तेव्हाच सांगा. हिवाळ्यातही दक्षिण किनाऱ्यावर जोराचा पाऊस पडतो आणि त्या दिवशी गुहेत काही तासांत पाणी भरू शकतं. गाइड ‘बाहेर’ म्हणाला की फोन खिशात आणि पाय तोंडाकडे. कारण विचारायचं असेल तर ते बाहेर आल्यावर.

कात्लाच्या परिसरात असाल तर मोबाइल बंद करू नका. उद्रेकाची किंवा पुराची शक्यता दिसली तर त्या भागातल्या फोनवर यंत्रणेकडून संदेश येतो.

फोटो

गटाच्या सहलीत तिपाई बहुधा चालत नाही, कारण वाट अडते. फोटोसाठी वेगळ्या, लहान गटांच्या सहली असतात. कॅमेरा असेल तर रुंद भिंग (१४ ते २४ मिमी), आयएसओ ८०० ते १६००, आणि फोटो कच्च्या स्वरूपात साठवा, म्हणजे नंतर रंग सांभाळता येतो. फोनवर छताच्या उजळ भागावर बोट ठेवून उजेड कमी करा. नाहीतर निळा रंग धुऊन पांढरा होतो. फ्लॅश मारलात की भिंत राखाडी दिसते, म्हणून तो बंदच. एखाद्या माणसाला लाल किंवा पिवळ्या जॅकेटमध्ये फ्रेममध्ये उभं करा, त्याशिवाय गुहेचा आकार कळत नाही.

थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. जादा बॅटरी आणि फोन अंगाजवळच्या खिशात ठेवा. परत आल्यावर उबदार खोलीत कॅमेरा एकदम बाहेर काढू नका. पिशवीची चेन बंद ठेवून तासभर तशीच राहू द्या. नाहीतर भिंगाच्या आत वाफ धरते.

कोणी जाऊ नये, आणि रद्द झालं तर

गरोदर स्त्रिया, अलीकडे गुडघ्याची किंवा कंबरेची शस्त्रक्रिया झालेले, आणि एका पायावर तोल सावरता न येणारे यांनी नैसर्गिक गुहा टाळावी. बंद जागेची भीती असेल तर कंपनीला आधी विचारा. काही गुहा मोठ्या दालनासारख्या असतात, काहींत रांगत जावं लागतं. थंड हवेने दमा वाढत असेल तर इनहेलर आतल्या खिशात ठेवा. साठीच्या पुढे असणं ही अडचण नाही. तासभर खडकाळ वाटेवर न थांबता चालता येत असेल तर बहुतेक सहली झेपतात.

सकाळी फोन आला आणि ‘गुहेत पाणी आहे, आज नाही’ असं सांगितलं, तर आधी मोकळ्या दिवसाची फेरी मागा. ती मिळत नसेल तर कंपनी बदलून त्याच गुहेत दुसऱ्याबरोबर जायचा प्रयत्न करू नका. एका कंपनीने नाकारलेल्या गुहेत दुसरी नेत असेल तर तीच काळजीची गोष्ट आहे. त्याऐवजी गुहेविना हिमनदीवरच्या चालीची चौकशी करा. स्काफ्ताफेलजवळ आणि सोल्हेइमायोकुलवर अशा सहली निघतात. वाट उघडी असल्याने गुहा बंद असताना त्या चालू असू शकतात आणि क्रॅम्पॉनचा अनुभव तोच मिळतो. वारा थोडा कमी असेल तर योकुलसाऊरलोनच्या काठावर तरंगते हिमखंड आणि समोरच्या काळ्या वाळूवर लाटांनी आणून टाकलेले बर्फाचे तुकडे बघता येतात. त्या किनाऱ्यावर लाट अचानक आत येते, तेव्हा समुद्राकडे पाठ करू नका आणि हिमखंडावर चढून फोटो काढू नका. पैसे परत मिळण्यासाठी रद्द झाल्याचा ईमेल मागून घ्या. विम्याच्या दाव्यालाही तोच लागतो.